रिडेव्हलपमेंटच्या धोक्यांची यादी करताय? आधी दारं वाजवा

आमच्या पार्ल्याच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंटचं घोडं एकदाचं पुढे सरकलं तेव्हा कमिटीत सगळ्यांचं एकमत झालं की मी आयटीत प्रोजेक्ट सांभाळते म्हणजे रिस्कचं काम माझंच. मलाही तेव्हा तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. एका रविवारी दुपारी बसून मस्त एक्सेल केली, डावीकडे धोके, पुढे शक्यता 1 ते 5, परिणाम 1 ते 5, दोन्हींचा गुणाकार, मग लाल पिवळा हिरवा रंग, सगळं अगदी ऑफिससारखं. 24 फ्लॅट, खाली 3 दुकानं, तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, अशी आमची बिल्डिंग. कमिटीच्या सात जणांनी तासाभरात मार्क दिले आणि यादी तयार.

मग सेक्रेटरी काकांनी ती शीट कमिटीच्या ग्रुपऐवजी चुकून सगळ्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्यात चौथी ओळ होती, "कटकट्या सभासदांचा विरोध", शक्यता 5, परिणाम 5, भडक लाल. काकांनी दहा मिनिटांत डिलीट केली पण तोवर स्क्रीनशॉट काढून झाले होते. गंमत म्हणजे आम्ही ती ओळ दोन जणांना धरून लिहिलेली, आणि आपल्यालाच म्हटलंय असं वाटून चिडलेले निघाले सहा. पुढचे दोन महिने एकही मीटिंग धड झाली नाही.

तर त्यानंतर आम्ही सगळं पहिल्यापासून केलं, आणि कसं केलं ते लिहितेय, कारण हल्ली दर दोन गल्ल्यांआड कुणीतरी ह्याच कामात अडकलेलं असतं आणि जो तो बिल्डर किती टक्के जास्त कार्पेट (घराच्या आतली वापरायची जागा) देतो त्याचीच चौकशी करतो.

पहिली गोष्ट, माणूस हा धोका म्हणून यादीत लिहायचाच नाही. "अमक्याचा विरोध" असं लिहिलं की पुढे त्या माणसाला गप्प कसं करायचं एवढाच विचार होतो. तो विरोध का करतोय, त्याला कशाची भीती आहे, ते लिहायचं. आमच्या त्या "कटकट्या" दोघांपैकी एकाच्या फ्लॅटवर गृहकर्ज चालू होतं आणि बँक एनओसी देईल का, हप्ते आणि भाडं दोन्ही कसं निभवायचं ह्याने त्याची झोप उडाली होती, पण हे सगळ्यांसमोर सांगायची लाज, म्हणून तो प्रत्येक सभेत पीएमसीच्या (सोसायटीने कामासाठी नेमलेल्या सल्लागाराच्या) फीवरून भांडायचा. मूळ दुखणं कळलं तेव्हा फीचा विषय आपोआप मिटला.

कोणाकोणाला विचारायचं

सभासद तर झालेच. पण सभासद म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं नाव तो, एवढंच धरलं तर फसाल. घरात राहणारं माणूस वेगळं आणि कागदावरचं वेगळं असं आमच्याकडे कितीतरी ठिकाणी निघालं. एका घरात मालक दुबईला, राहतात त्याचे आईवडील. एका घरात भाडेकरू. दुकानवाल्यांना तर आम्ही सुरुवातीला मोजलंच नव्हतं, "ते काय, त्यांना दुकान मिळणारच आहे" असं म्हणून सोडून दिलेलं, आणि दोन अडीच वर्षं गिऱ्हाईक तुटलं तर नंतर नवीन दुकान घेऊन करायचं काय हा त्यांचा धोका कुठल्याच यादीत नव्हता. बायकांना वेगळं विचारा. हे मुद्दाम लिहितेय. एका घराला एक कागद दिला की तो नवऱ्याच्या हातात जातो आणि त्यात एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण), कॉर्पस (बिल्डर सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम), पार्किंग असलंच येतं. त्याच घरातली काकू ओट्याशी उभी राहून सांगते की मुलगी दहावीला जाणार त्याच वर्षी घर सोडायचं असेल तर आम्ही सही करणार नाही. हा शेड्यूलचा धोका आहे हो, चांगला खणखणीत, आणि तो सभेत कधीच आला नसता.

मग बाहेरचे: पीएमसी, आर्किटेक्ट, वकील, सोसायटीचा सीए, ज्यांची कर्जं आहेत त्यांच्या बँका, शेजारची बिल्डिंग (आमचा ट्रक येण्याजाण्याचा रस्ता त्यांच्या भिंतीला लागून आहे), आणि बिल्डर. बिल्डरचं पुढे सांगते, तो वेगळाच विषय आहे.

कायद्याने बघायला गेलं तर सहकारी संस्थांच्या कायद्याच्या कलम 79(अ) खालच्या 4 जुलै 2019 च्या जीआरनंतर 51 टक्के संमतीवर काम पुढे जाऊ शकतं, आधी 2009 च्या नियमात ती 75 टक्के होती. त्यामुळे कमिटीत कुणीतरी हमखास म्हणतं की एवढं सगळ्यांना विचारत बसायची गरजच काय, बहुमत आहे ना. बहुमत ठराव पास करायला पुरतं. घरं मात्र शंभर टक्के रिकामी व्हावी लागतात, आणि एक जण जरी कुलूप लावून कोर्टात गेला तरी उरलेल्या तेवीस घरांचं भाड्याचं मीटर लांबत जातं.

विचारायचं कसं

जनरल बॉडीत विचारू नका. माईक हातात आला की माणूस भाषण करतो. आम्ही दोघी दोघी मिळून घरोघरी गेलो, संध्याकाळी साडेसातनंतर, एका घराला अर्धा तास, आणि "तुम्हाला काय धोका वाटतो" हा प्रश्न विचारलाच नाही कारण त्याला उत्तर येतं "तुम्हीच बघा काय ते, आमचा विश्वास आहे". त्याऐवजी आम्ही विचारायचो की समजा तीन वर्षं झाली आणि सगळं बिघडलंय, तुम्ही भाड्याच्या घरात बसून आम्हाला शिव्या घालताय, तर कशाबद्दल घालत असाल? ह्याला मात्र लोक भडाभडा बोलतात. सोबतची एक जण फक्त लिहिते, समोरचं माणूस जसं बोलेल तसं, आपली भाषा घालत नाही. मोबाईलवर रेकॉर्डिंग अजिबात नको.

घरी येऊन त्याच्या ओळी करायच्या आणि प्रत्येक ओळीत तीन गोष्टी आल्या पाहिजेत, कशामुळे, काय होईल, कोणाला फटका. "भाडं" हा धोका नाही. "बिल्डरचे फ्लॅट विकले गेले नाहीत तर तो आपल्याला देतो ते भाडं थकेल आणि पेन्शनवर जगणाऱ्या सात घरांना घरमालक बाहेर काढेल" हा धोका आहे. असं लिहिलं की निम्मी भांडणं तिथेच संपतात कारण दोन माणसं एकच शब्द वापरून वेगवेगळं बोलत असतात ते उघडं पडतं. "उंची" हा शब्द घ्या. आमच्याकडे वर विमानं, त्यामुळे विमानतळ प्राधिकरणाची उंचीची एनओसी लागते. काही जणांना वाटायचं की उंची म्हणजे आपल्याला वरचा मजला मिळेल की नाही एवढाच प्रश्न, तर आर्किटेक्टच्या डोक्यात वेगळंच होतं, की उंची कापली गेली तर मिळालेला एफएसआय प्लॉटवर बसणारच नाही, बिल्डरचे विकायचे फ्लॅट कमी होतील आणि मग तो आपल्या जादा कार्पेटवर आणि कॉर्पसवर कात्री चालवेल.

आमच्याकडे 61 ओळी निघाल्या. सारख्या वाटणाऱ्या एकत्र करून 19 राहिल्या. कमिटीच्या पहिल्या एक्सेलमध्ये होत्या 12, आणि ह्या 19 पैकी 8 त्या 12 मध्ये नव्हत्याच.

मार्क कोणी द्यायचे

आता खरा मुद्दा, आणि माझी ऑफिसातली सगळी वर्षं इथे उघडी पडली. आपण सगळ्यांना एकत्र बसवतो आणि प्रत्येकाकडून शक्यता आणि परिणाम दोन्हीचे मार्क घेतो, मग सरासरी काढतो. हे चुकीचं आहे. शक्यता जाणकाराला विचारायची आणि फटका ज्याला बसणार त्याला विचारायचा, ही दोन कामं वेगवेगळ्या माणसांची आहेत.

कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) नसल्यामुळे काम अडकायची शक्यता किती, हे तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना कसं कळणार, ते वकिलाला विचारा. जमीन अजून मूळ बिल्डरच्या नावावर असेल तर डीम्ड कन्व्हेयन्सला (मूळ बिल्डरच्या सहीशिवाय सरकारकडून करून घ्यायचं कन्व्हेयन्स) कुठले कागद आहेत कुठले नाहीत हे बघून तो सांगेल. उंचीचं आर्किटेक्टला. बिल्डरच्या खिशाचं सीएला, ताळेबंद मागवून. पण भाडं सहा महिने थकलं तर काय होतं हे सीएने सांगायचं नाही. आमच्या सीएने "मध्यम" लिहिलं होतं! त्याचं घर सुटणार नव्हतं ना.

आणि फटक्याची सरासरी काढू नका. भाडं थकण्याला ज्यांचा पुण्यात दुसरा फ्लॅट आहे त्यांनी 1 दिला, पेन्शनवाल्यांनी 5, सरासरी आली 3 च्या आसपास, रंग पिवळा, आणि पिवळं म्हणजे "बघू नंतर". सात घरं रस्त्यावर येऊ शकतात हे त्या पिवळ्या रंगाने झाकून टाकलं. आम्ही मग नियम केला की ज्यात कुणाचं राहतं घर जाऊ शकतं तिथे सगळ्यात मोठा आकडा धरायचा. बाकीच्या ठिकाणी सरासरी चालेल पण शेजारी सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त हे दोन्ही लिहायचे, आणि त्यात तीनपेक्षा जास्त फरक असेल तर मार्क तिथेच थांबवून का हे विचारायचं. गुणाकारावर पण फार भिस्त ठेवू नका, शक्यता 5 आणि फटका 3 चे पण पंधरा, शक्यता 3 आणि फटका 5 चे पण पंधराच, पहिल्यात वरचेवर वैताग आहे आणि दुसऱ्यात कुणाचं तरी घर आहे. आम्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले, गुणले नाहीत.

शक्यतेच्या बाबतीत लोकांना बाहेरची उदाहरणं दाखवा, नाहीतर जाणकार सुद्धा आशेवर मार्क देतात. भाडं थकण्याला पीएमसीने आधी 2 दिला होता. तेव्हा मी गोरेगावच्या पत्राचाळीचा विषय काढला. 672 कुटुंबं, 2008 चा करार, मग काम रखडलं, भाडं बंद पडलं, लोक वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशातून भाडं भरत राहिले आणि शेवटी म्हाडाला प्रकल्प ताब्यात घ्यावा लागला. तो फार मोठा प्रकल्प होता, आपला छोटा, हे पीएमसीचं म्हणणं बरोबरच होतं, पण 2 चा 3 झाला. रेराचा कायदा आहे ना असंही एक जण म्हणाले. रेराचा भर नवीन फ्लॅट विकत घेणाऱ्यांवर आहे, आपल्यासारख्या जुन्या सभासदांना मुख्य आधार आपल्या करारातल्या कलमांचा, त्यामुळे ते गाजर दाखवून शक्यता कमी करून घेऊ नका.

चिंचोके

1 ते 5 मार्क हा प्रकार काही घरांत चालेचना. लोक सगळ्यालाच 5 देतात, साहजिक आहे, भीती वाटते. मग आमच्या एका काकूंनी, त्या पूर्वी गावोगाव बचतगटांचं काम करायच्या, चिंचोक्यांची पद्धत सांगितली. खेड्यात लोकांकडून गावाचे प्रश्न क्रमाला लावून घ्यायला बिया, खडे असं वापरतात म्हणे. एका मोठ्या ताटात आठ वाट्या, प्रत्येक वाटीत एका धोक्याची चिठ्ठी (19 पैकी राहत्या माणसांना थेट लागणारे आठच घेतले, कन्व्हेयन्स वगैरे वकिलाकडे), आणि एक नववी वाटी, कोरी. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दहा चिंचोके, हवे तसे वाटा. दहाच असल्यामुळे इकडे टाकला की तिकडे कमी होतो, सगळ्याला 5 देता येत नाही. आणि टाकताना आम्ही दोघी गॅलरीत जाऊन उभ्या राहायचो.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे गेलो. गुडघ्यांमुळे त्या महिनोन्महिने खाली उतरलेल्या नाहीत, त्यामुळे मला खात्री होती की त्या सगळे चिंचोके "भाड्याच्या घराला लिफ्ट नसेल" ह्या वाटीत टाकणार. आत येऊन बघते तर दहाच्या दहा कोऱ्या वाटीत. म्हटलं आजी, हे काय? म्हणाल्या, "अगं घर अजून ह्यांच्याच नावावर आहे. मी गेले मधेच तर पोरांची भांडणं होतील, आणि मुलीला कोण विचारतंय?" आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

खाली आल्यावर सेक्रेटरी काकांकडून शेअर सर्टिफिकेटचं रजिस्टर काढून बघितलं. 24 पैकी 5 फ्लॅट मयत माणसांच्या नावावर! म्हणजे पर्यायी घराच्या करारावर सही करायलाच पाच घरांत माणूस नाही, वारसांचे कागद व्हायला वर्ष सुद्धा लागू शकतं, वाद असेल तर विचारूच नका. वकिलाला विचारलं तर त्याने शक्यता सरळ 5 दिली आणि वर म्हणाला की हे मला आधी का नाही सांगितलं. कारण आम्हालाच माहीत नव्हतं! तो धोका पहिल्या नंबरावर गेला, बिल्डर फायनल व्हायच्या आधी त्या पाच घरांचं वारस प्रकरण सुरू केलं. कोरी वाटी ठेवायला विसरू नका.

बिल्डरशी बोलताना

बिल्डरला आपली यादी द्यायची नाही. त्यात आपण कुठे कच्चे आहोत, कोणाला पैशांची नड आहे, सगळं आलेलं असतं. पण त्याला त्याची भीती जरूर विचारा. टेंडरला आलेल्या तिघांनाही आम्ही एकच प्रश्न विचारला, तुमचं काम आमच्याकडे कशाने अडकू शकतं? तिघांनीही पहिलं उत्तर दिलं, घरं वेळेत रिकामी न होणं. एकाने आमच्या मागच्या बाजूच्या दोन झाडांचा विषय काढला, पालिकेची परवानगी लागेल म्हणून, तो आमच्या 19 मध्ये नव्हता. एकाने सांगितलं की आमच्याकडे काहीच अडकत नाही. त्याचं नाव आम्ही तिथेच खाली सरकवलं, जो म्हणतो धोकाच नाही तो एक तर बघत नाही नाहीतर सांगत नाही.

परत जाऊन दाखवा

हे बहुतेक जण विसरतात आणि मग पुढच्या वेळी लोक दार उघडत नाहीत. वरच्या सहा धोक्यांचं आम्ही काय केलं ते कागदावर मराठीत लिहून प्रत्येक घरी परत गेलो. भाडं थकण्यावर: बारा महिन्यांचे पुढच्या तारखांचे चेक आधी हातात, मग घर रिकामं, आणि बँक गॅरंटी. जीआरमध्ये प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के गॅरंटीचा उल्लेख आहे, बिल्डर त्यावर जाम घासाघीस करतात, आमचीही झाली, आणि तिथे चिंचोक्यांचा आकडा कामाला आला कारण कमिटीला बिल्डरला सांगता आलं की अहो हा आमचा हट्ट नाही, चाळीस माणसांनी सगळ्यात जास्त बिया ह्याच वाटीत टाकल्यात. दहावीच्या मुलीसाठी घर सोडायची तारीख एप्रिलवर नेली. जे झालं नाही ते पण सांगा. दुकानवाल्यांना धंद्याची भरपाई हवी होती, ती मिळाली नाही, नुसतं भाडं थोडं वाढवून मिळालं, आणि हे तोंडावर सांगताना त्रास झाला पण त्यांनी ऐकून घेतलं.

प्रत्येक धोक्यापुढे एका माणसाचं नाव असू द्या, "कमिटी" नाही. कमिटी म्हणजे कुणीच नाही. वारसांचे कागद माझ्याकडे, बँक एनओसी खजिनदारांकडे, कन्व्हेयन्स सेक्रेटरी काकांकडे, असं.

आणि यादी एकदा करून फाईलला लावायची नसते. डीए (बिल्डरबरोबरचा करार) सही झाला, आयओडी (पालिकेची बांधकामाची पहिली मंजुरी) आली, घरं रिकामी झाली, प्रत्येक वळणावर क्रम बदलतो. आयओडीनंतर उंचीचा विषय संपला, झाडं वर आली. घरं सोडल्यावर तर विचारायची माणसंच पांगतात, कोणी बोरिवली, कोणी डोंबिवली, एक घर थेट नाशिकला गेलं, आणि जिन्यात भेटून कळणाऱ्या गोष्टी कळायच्या बंद होतात. म्हणून चावी देतानाच एका वहीत नवा पत्ता, दोन मोबाईल नंबर आणि घरातल्या ज्या माणसाशी खरं बोलणं होतं त्याचं नाव लिहून घ्या. आम्ही दर तीन महिन्यांनी फोन करतो, चौघी मिळून सहा सहा घरं वाटून घेतलीत, दुकानदारांचं सेक्रेटरी काका बघतात. मागच्या फेरीत तीन घरांनी सांगितलं की चेक वटला पण चार दिवस उशिराने. अजून काही बिघडलेलं नाही, पण भाड्याची शक्यता 3 ची 4 केलीय आणि ह्या शनिवारी सीएला बिल्डरच्या ऑफिसात पाठवतोय.